मीटर शून्यावर आणावं का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. लोक रंग आणि चकाकी बघतात, माझं लक्ष आधी डॅशबोर्डकडे जातं, कारण माझे मोठे दीर जुनी मीटर दुरुस्त करतात.

काम फार नाजूक. काचेभोवतीची रिंग हळूहळू उचकटायची, तबकडीवरची धूळ मऊ ब्रशनं काढायची. ओलं फडकं फिरवलं तर धुळीबरोबर छापलेले आकडेही जायचे. स्पीडोमीटरच्या आत केबलनं फिरणारं लोहचुंबक असतं आणि त्यावर ॲल्युमिनिअमची वाटी. दोघांचा स्पर्श होत नाही, तरी चुंबक फिरलं की वाटी ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत काटा जिथे ठरतो तो वेग. (गुरु-शिष्याचा दृष्टांत इथे कुणालाही सुचेल, पण आजचा विषय वेगळा आहे.)

गाडी थांबली की काटा शून्यावर येतो. त्याच्या खालचे आकडे, म्हणजे गाडी आजवर किती धावली ते, येत नाहीत. मीटर उघडल्यावर मात्र ती आकड्यांची चाकं बोटानं फिरवता येतात. एक गिऱ्हाईक भाऊंना म्हणालं, "इंजिन नवं केलं, रंग नवा, सीटा नव्या. आता हेही शून्य करून टाका." भाऊ नाही म्हणाले. चासी तर जुनीच आहे ना!

हाच प्रश्न आपल्या एका गटात वेगळ्या शब्दांत आला होता. घरातल्या माणसानं अनुग्रह घेतला, दारू सुटली, रोज जपाला बसतो. तो म्हणतो, नवा जन्म झाला, मागचं काढू नका. बायकोची पाटली अजून गहाण आहे. तिनं काय करायचं?

बऱ्याच जणांनी "क्षमा करावी" असं लिहून हात जोडले. मला ते घाईचं वाटलं. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. एकेका हत्येला एक खडा, असे सात रांजण भरले होते. पुढे तो वाल्मीकी ऋषी झाला, पण म्हणून कुठल्या कीर्तनकारानं रांजण गाळून गोष्ट सांगितली आहे का? रांजण काढले तर नामाचा महिमा तरी कशावरून कळणार?

अमेरिकेत मीटरच्या आकड्यांत फसवणूक होऊ नये म्हणून १९७२ मध्ये कायदा झाला. त्यात एक तरतूद आहे ती मला फार आवडली. दुरुस्तीनंतर जुना आकडा पुन्हा ठेवणं शक्यच नसेल तर मीटर शून्यावर आणायचं, पण आधीचा आकडा आणि दुरुस्तीची तारीख लिहून तो कागद डाव्या दाराच्या चौकटीवर लावायचा. तिकडे चालक डावीकडे बसतो. म्हणजे गाडीत बसताना पहिल्यांदा तो कागद त्यालाच दिसणार.

कागद बॉनेटवर लावा असं तो कायदा म्हणत नाही, हेही घरच्यांनी ध्यानात घ्यावं. पाहुण्यांसमोर, मुलांसमोर, जेवताना ताटावर मागचा हिशेब वाचणं म्हणजे बॉनेटवर पाटी रंगवणं. त्यानं माणूस सुधारत नाही, जेवण मात्र कडू होतं. आणि ज्याचा आकडा आहे त्यानंच "मागचं काढू नका" म्हणणं हेही बरोबर नाही. ते म्हणायचं की नाही हे त्या बाईनं ठरवायचं, तिला जमेल तेव्हा.

पाटलीचं म्हणाल तर ती त्यानं स्वतःच्या कमाईतून सोडवून आणावी. जप चालू ठेवून, दर महिन्याला थोडं थोडं. सासऱ्यांनी किंवा मुलानं परस्पर पैसे भरून टाकू नयेत.

॥ श्री गुरुचरणार्पणमस्तु ॥