दार उघडायचं की नाही?



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३. सगळं समजावून सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, यावर नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. रणांगणावर उभं असतानाही सक्ती नाही!

काल रात्री हे वाचत होतो आणि आमची मनी दाराशी बसून ओरडत होती. तिला बाहेर जायचं होतं.

मनीच्या आधी आमच्याकडे एक बोका होता. "मांजर ते, फिरणारच" म्हणून त्याला मोकळा सोडायचो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स येणाऱ्या गाडीखाली तो गेला. मनी आली तेव्हा आधी बाल्कनीला जाळी बसवली. ती घराबाहेर पडलेलीच नाही.

भगवंत अर्जुनाला मोकळं सोडतात आणि मी मांजरीला कोंडून ठेवतो. हे प्रेम की माझी भीती?

पण अर्जुनाला मोकळीक मिळाली ती सगळं ऐकून, समजून घेतल्यावर. मनीला मी गाडी म्हणजे काय, हे कसं समजावणार? ज्याला धोका सांगता येत नाही, त्याच्या वतीने आपल्यालाच ठरवावं लागतं.

श्रीवैष्णव परंपरेत मार्जारकिशोरन्याय सांगतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहतं. मांजरीच्या पिल्लाला मात्र आईच तोंडात धरून नेते. शरण आलेल्या भक्ताला देव असाच सांभाळतो. मला यात अजून एक गोष्ट दिसली : ती दातांत धरते, पण दात लागू देत नाही.

माझे दात लागत होते. जाळी लावली आणि मी निर्धास्त झालो. खिडकीशी बसायला उंच फळी, नखं घासायला सुतळी गुंडाळलेला खांब, रोज थोडा वेळ खेळ, यातलं काहीच केलं नाही. दिवसभर मी लॅपटॉपसमोर आणि ती भिंतीसमोर. कोंडलं तिच्यासाठी, पण सोय बघितली माझी.

दार बंदच राहील. फळी मात्र आज लागेल.

आणि हो, "पडशील" म्हणून आईचं एकटीने देवळात जाणं मी बंद केलंय. तिला तर सगळं समजतं. आज तिच्याशी बोलेन, काळजी सांगेन. मग ती ठरवेल.

तुमच्या घरात कुणासाठी दार बंद आहे? जरा बघा.

उद्या श्लोक ६४. राम कृष्ण हरी!