पुनरुत्थानाची आशा आणि आजचें कर्तव्य

मननासाठीं शास्त्रभाग: करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय १५ वा, व अध्याय १६ वा, वचनें १ ते ४.



पौल प्रेषितानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आमच्या मंडळ्यांत बहुधा दोन प्रसंगीं वाचला जातो: एक पुनरुत्थानदिनीं, व दुसरा कोणाच्या तरी प्रेतसंस्काराच्या वेळीं. दोन्ही प्रसंगीं वाचणारा अध्यायाच्या शेवटीं येऊन थांबतो व पुस्तक मिटतो. परंतु पौलानें तेथें लेखणी खालीं ठेविली नाहीं. मूळ पत्रांत अध्याय पाडलेले नव्हते. ते पुष्कळ शतकांनंतर वाचकांच्या सोयीसाठीं पाडण्यांत आले. मरणावरील विजयाचें वर्णन संपतांच पौल लागलीच वर्गणीची गोष्ट काढितो! यरुशलेमांतील गरीब बांधवांसाठीं प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूस काढून ठेवावें, असें तो सांगतो. कोठें तो शेवटचा कर्णा, आणि कोठें ही वर्गणीची पिशवी! वाचणाऱ्यास वाटावें कीं, प्रेषित एकदम आकाशांतून जमिनीवर उतरला. परंतु ज्यास पुनरुत्थान समजलें त्याच्या दृष्टीनें हीं दोन्हीं एकाच वाटेवरचीं आहेत. तें कसें, याचा आज आपण विचार करूं.

१. आम्ही कशावर विश्वास ठेवितों?

पौलानें हें पत्र इ. स. ५५ च्या सुमारास इफिस येथें असतां लिहिलें. करिंथ हें दोन बंदरांचें, व्यापाराचें व पैशाचें शहर होतें. त्या काळच्या पुष्कळ ग्रीक विद्वानांचें मत असें असे कीं, देह हा आत्म्याचा तुरुंग आहे व मरण ही त्यांतून सुटका आहे. मग सुटलेल्या कैद्यानें पुन्हां त्याच कोठडींत कशाला यावें? मंडळींतील कांहीं जण तर मेलेल्यांचें पुनरुत्थान नाहींच असें उघड म्हणूं लागले होते.

त्यांस उत्तर देतांना पौल आधीं साक्षीदार उभे करितो. केफा, मग बारा शिष्य, मग एकाच वेळीं पांचशेंहून अधिक बांधव, मग याकोब, मग सर्व प्रेषित, आणि अखेर तो स्वतः. त्या पांचशांपैकीं बहुतेक अजून हयात आहेत, असें तो मुद्दाम लिहितो. म्हणजे ज्यास शंका असेल त्यानें जाऊन विचारावें. त्या वेळीं ह्या घटनेस सुमारें पंचवीस वर्षेंच झालीं होतीं. गांवांत पंचवीस वर्षांपूर्वीं घडलेली मोठी गोष्ट किती जणांस आठवते, हें आपण जाणतोंच.

आणि जो उठला तो कांहीं छाया नव्हता. त्यानें शिष्यांच्या देखत भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, असें लूक सांगतो. रात्रभर जाळें टाकून थकलेल्या शिष्यांसाठीं त्यानें तिबिर्याच्या समुद्रकांठीं कोळशाच्या विस्तवावर न्याहारी तयार ठेविली, असें योहान सांगतो. थोमास तर त्यानें हातांवरच्या खिळ्यांचे वण दाखविले. बंधूंनो, हे वण ध्यानांत ठेवा. वैभवी देहावरहि ते राहिले. प्रीतीनें जें सोसलें होतें, तें पुनरुत्थानानें पुसून टाकिलें नाहीं.

२. जो देह उठणार त्याचा मान

मेलेले कोणत्या देहानें उठतील, ह्या प्रश्नास पौलानें बियाण्याचा दाखला देऊन उत्तर दिलें आहे. तें शहरच्या पंडितापेक्षां शेतकऱ्यास लवकर समजेल. बाजरीचा दाणा मातींत टाकिला म्हणजे तोच दाणा पुन्हां कोणाच्या हातीं येत नाहीं. त्याचें टरफल कुजतें, आंतला सांठा कोंबाच्या पोषणांत संपतो, आणि वर येतें तें हिरवें ताट व पुढें भरलेलें कणीस. दाणा व कणीस दिसण्यांत किती निराळीं! तरी बाजरीच्या दाण्यांतून बाजरीच येते, ज्वारी येत नाहीं. त्याप्रमाणेंच जो अशक्तपणांत पुरला गेला तोच सामर्थ्यानें उठेल. दुसरा कोणी उठणार नाहीं.

यावरून देह ही तुच्छ वस्तु नव्हे हें उघड होतें. आमच्यापैकीं पुष्कळांच्या आजापणजांस गांवच्या विहिरीवर पाणी भरूं देत नसत. त्यांच्या सावलीचाहि विटाळ मानीत. १९५० सालीं अंमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नाहींशी केली, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानितों. परंतु त्याच्या कितीतरी आधीं देवानें त्या देहांविषयीं आपला निकाल दिला होता, कीं ते उठविण्याजोगे आहेत. ज्यास देव आपल्या राज्याच्या पंक्तीस बसविणार, त्यास मंडळींत मागें बसविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? करिंथ येथें प्रभुभोजनाच्या वेळीं कांहीं जण आधींच जेवून घेत व गरीब उपाशी राहत. त्याबद्दल पौलानें ह्याच पत्राच्या अकराव्या अध्यायांत त्यांची चांगली कानउघाडणी केली आहे. विश्वासांगीकार म्हणतांना जो देहाच्या पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे असें मोठ्यानें बोलतो, परंतु मुलाची सोयरीक जुळवितांना जुनी जात विचारितो, किंवा घरीं जाऊन पत्नीवर हात उगारितो, त्यानें आपण काय बोललों याचा शांतपणें विचार करावा.

३. वाफसा साधणें

अनंतकाळाविषयीं विचार करूं लागलें म्हणजे मनुष्य दोन बाजूंस घसरतो. कोणी म्हणतो, उद्यां मरावयाचेंच आहे, तर आज मिळेल तें भोगून घ्यावें. कोणी म्हणतो, हा संसार असार आहे, येथें कशासाठीं राबावें? पुनरुत्थान ह्या दोघांचेंहि म्हणणें खोडून काढितें. मरण हा शेवट नाहीं, म्हणून भोग हेंच सर्वस्व नव्हे. आणि देवानें निर्माण केलेलें तो टाकून देणार नाहीं, म्हणून येथील काम फुकट नव्हे.

नव्वदाव्या स्तोत्रांत मोशे आपले दिवस मोजावयास शिकविण्याची देवापाशीं मागणी करितो. सत्तर वर्षांचे दिवस मोजले तर ते सुमारें २५,५५० भरतात, व त्यांत रविवार सुमारें ३,६५० येतात. ज्याचें वय चाळीस झालें त्याचे त्यांपैकीं १४,६०० दिवस खर्च झाले. हा हिशेब घाबरविण्यासाठीं नाहीं. पाऊस पडतांक्षणींच कोणी पाभर जुंपीत नाहीं, कारण रानांत चिखल असतो. फार थांबलें तर जमीन वाळून जाते. मधल्या थोड्या दिवसांस आपण वाफसा म्हणतों, आणि जो तो साधतो त्यास शहाणा शेतकरी म्हणतों. अनंतकाळाचें पीक मोठें आहे, परंतु त्याची पेरणी ह्या आयुष्याच्या वाफशावरच होते.

लूकाच्या बाराव्या अध्यायांत प्रभूनें ज्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगितली, तो आळशी नव्हता. त्यानें चोरी केली असेंहि तेथें लिहिलेलें नाहीं. कोठारें केवढीं बांधावीं याचा त्यानें बरोबर हिशेब केला. राहिला तो त्याच रात्रीचा हिशेब. म्हणून प्रभूनें त्यास मूर्ख म्हटलें.

४. तर मग आम्हीं काय करावें?

पहिली गोष्ट, प्रेतसंस्काराविषयीं. शोक करणें हा अविश्वास नव्हे. आपण लाजारास उठविणार हें ठाऊक असतांहि प्रभु त्याच्या कबरेकडे जातांना रडला. परंतु आशा नसलेल्यांप्रमाणें आम्हीं शोक करूं नये. पहिल्या ख्रिस्ती लोकांनीं आपल्या पुरण्याच्या जागेस ग्रीक भाषेंत जें नांव दिलें त्याचा अर्थ निजण्याची जागा असा होतो. इंग्रजी सिमेटरी हा शब्द त्यावरूनच आला आहे. जो निजला आहे त्याच्या नांवानें लोकलज्जेस्तव मोठें जेवण घालून मुलाबाळांच्या डोक्यावर कर्ज करून ठेवणें ह्यानें मेलेल्याचें कांहीं बरें होत नाहीं, व जिवंतांचें फार वाईट होतें. मंडळीनें दुःखी घरीं स्वतः भाकरी घेऊन जावें. त्या घरची चूल आपल्यासाठीं पेटवावयास लावूं नये.

दुसरी गोष्ट, घरच्या व्यवस्थेविषयीं. हिज्कीया राजा मरणास टेकला तेव्हां घराची व्यवस्था लावून ठेवण्याची आज्ञा देवानें त्यास यशयाकडून पाठविली. आमच्या प्रभूनें तर वधस्तंभावर असतां, तिसऱ्या दिवशीं आपण उठणार हें जाणूनहि, आपल्या आईस शिष्याच्या स्वाधीन केलें. मग आम्हीं व्यवस्था पुढें कां ढकलावी? ज्याच्यापाशीं जमीन आहे त्यानें वेळींच मृत्युपत्र करावें. भाऊ वारला असेल तर त्याच्या विधवेचें नांव सातबाऱ्यावर लागलें आहे कीं नाहीं, हें दिरांनीं स्वतः पाहावें. विधवेचा वाटा दाबून ठेवणाऱ्याच्या तोंडीं पुनरुत्थानाचें गीत शोभत नाहीं.

तिसरी गोष्ट, वैराविषयीं. दोन सख्खे भाऊ हातभर बांधासाठीं वर्षानुवर्षें बोलत नाहींत, आणि पुढें एकाच कबरस्तानांत शेजारीं शेजारीं पुरले जातात. कर्णा वाजेल तेव्हां दोघेहि एकदमच उठतील! जें बोलणें त्या सकाळीं करावें लागेल तें आज सायंकाळींच जाऊन करावें.

चवथी गोष्ट, पौलाच्या वर्गणीची. प्रभु आठवड्याच्या पहिल्या दिवशीं उठला, आणि त्याच पहिल्या दिवशीं गरिबांसाठीं बाजूस काढावें असें पौल सांगतो. म्हणजे प्रत्येक रविवार हा लहानसा पुनरुत्थानदिन आहे, व गरिबाचा वाटा ही त्याची खूण आहे. फार द्यावें असें तो म्हणत नाहीं; मिळकतीच्या मानानें व नियमानें द्यावें, म्हणतो. दळण गिरणीवर पाठविण्यापूर्वीं मूठभर दाणे निराळ्या डब्यांत टाकणें मजुरी करणाऱ्या बहिणीसहि शक्य आहे. आणखी पाहा, हे पैसे पौल एकटा नेत नाहीं. मंडळीनें निवडलेल्या माणसांच्या हातीं पत्रें देऊन ते पाठवावयाचे, असें तो ठरवितो. जो एके दिवशीं देवास हिशेब देणार, त्यास मंडळीसमोर वही उघडावयास भय कशाचें?

५. श्रम व्यर्थ नाहींत

पंधराव्या अध्यायाच्या शेवटल्या वचनांत पौल "म्हणून" ह्या शब्दानें आरंभ करून स्थिर राहावयास सांगतो, कारण प्रभूमध्यें केलेले श्रम व्यर्थ होत नाहींत. उपदेशक बंधूंनो, हें वचन विशेषेंकरून तुमच्यासाठीं आहे. तुम्ही पायीं किंवा सायकलीवर चार गांवें फिरतां, उपासनेस सात माणसें जमतात, आणि मनांत येतें कीं, ह्यांतून काय निष्पन्न होणार?

गॉर्डन हॉल हे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले. तेरा वर्षें त्यांनीं मराठींत शुभवर्तमान सांगितलें व शास्त्राच्या भाषांतरास हात लाविला. १८२६ सालच्या मार्चांत नाशिकच्या बाजूस प्रवासांत असतां पटकीनें त्यांचा अंत झाला. मंडळी म्हणून डोळ्यांस दिसेल असें पीक त्यांच्या पदरीं जवळजवळ पडलेंच नव्हतें. त्याच वर्षीं मराठी नवा करार छापून तयार झाला. आणि तेव्हांपासून मराठी घराघरांत तें वचन वाचलें जात आहे.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ सालीं वारली. आपल्या मागें केडगांवचें मुक्तिसदन ती सांभाळील, अशी मातेची आशा होती. रमाबाई तेव्हां साठीच्या पुढें होत्या, व त्यांस फार कमी ऐकूं येई. हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्याचें काम त्यांनीं पुष्कळ वर्षें चालविलें होतें. कन्येच्या मरणानें ती लेखणी थांबली नाहीं. काम शेवटास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूमध्यें निजल्या. तें शास्त्र १९२४ सालीं बाहेर आलें; छापून बांधलेलें पुस्तक त्यांनीं पाहिलें नाहीं. मरणानें सर्व संपतें असें मानणारी आई अशा वेळीं लेखणी खालीं ठेविती, तर तिला कोण दोष देता?

तेव्हां, प्रियांनो, तुमचा पुनरुत्थानावर विश्वास आहे कीं नाहीं, हें केवळ पुनरुत्थानदिनीं किती मोठ्यानें गाइलें यावरून कळणार नाहीं. तें सोमवारीं बांधावर, बाजारांत वजनकाट्यापाशीं, विधवेच्या दारीं व मंडळीच्या हिशेबाच्या वहींत कळेल. आज वाफसा आहे. ज्यानें अजून ख्रिस्तास आपलें जीवन दिलें नाहीं, त्यानें आजच द्यावें. ज्यानें दिलें आहे, त्यानें ह्या आठवड्यांत वरील चारांपैकीं जी गोष्ट त्याच्या घरीं अपुरी राहिली असेल ती एक तरी पुरी करावी.

हे प्रभु येशू, तूं मेलास आणि जिवंत झालास. आमचे उरलेले दिवस मोजावयास आम्हांस शिकीव. जे आमच्या आधीं निजले त्यांस तूं विसरत नाहींस, याबद्दल आम्ही तुझे उपकार मानितों. आमचे हात तुझ्या कामांत गुंतलेले असतां तूं आम्हांस बोलाव. आमेन.