दिलेले काम आणि मोकळा वेळ

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून रेखा व रंगकलेची पदवी घेऊन मी पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. तेथील पहिल्या आठवड्यांविषयी मी आजवर लिहिले नव्हते. बाहेरून पाहता त्या काळात काही घडलेच नव्हते. जे घडले त्याचा अर्थ लागण्यासाठी मला स्वतः शिकवण्याच्या कामात यावे लागले. हल्ली परदेशी निघालेले विद्यार्थी भेटायला येतात. शिष्यवृत्ती, राहण्याची जागा, रंगांच्या आणि कॅनव्हासच्या किमती यांविषयी विचारतात. या प्रश्नांची उत्तरे देता येतात. परंतु कलेच्या विद्यार्थ्याला तेथे सर्वांत जड जाते ती गोष्ट त्यांच्या यादीत नसते. ती म्हणजे मोकळा वेळ.

सप्टेंबरच्या अखेरीस सत्र सुरू झाले. स्टुडिओतील एक पांढरी भिंत आणि एक टेबल माझ्या वाट्याला आले, आणि त्यानंतर कोणीही मला काही काम दिले नाही. मुंबईत दिवसाला आकार असे. सकाळी हेड स्टडी, दुपारी कॉम्पोझिशन, सत्राच्या शेवटी सबमिशन. मॉडेल वेळेवर बसे. हात लांब करून पेन्सिलीने मापे घ्यायची, आधी मोठे आकार, मग छायाप्रकाश, तपशील सर्वांत शेवटी. ‘आधी बघ, मग रेघ मार,’ असे आमचे सर म्हणत, आणि काय बघायचे ते समोर मांडलेले असे. लंडनमध्ये प्राध्यापक ठरलेल्या दिवशी येत, शेजारी खुर्ची ओढून बसत आणि शांतपणे विचारत, ‘हे तुम्ही का करीत आहात?’ ते कसे करावे याविषयी ते बोलत नसत. काही दिवसांनी पहिले ‘क्रिट’ झाले. प्रत्येकाने आपले काम भिंतीवर लावायचे आणि वर्गाने त्यावर बोलायचे, अशी ती पद्धत. मी एका वृद्ध शेजाऱ्याचे व्यक्तिचित्र लावले होते. ते चांगले होते. आजही मी तसेच म्हणेन. कोणीतरी ‘फार कुशल आहे’ एवढे म्हटले, आणि चर्चा पुढच्या भिंतीकडे सरकली.

त्या उद्गारात अनादर नव्हता. तरीही संध्याकाळी खोलीवर परतताना मन उदास झाले. ज्या कौशल्यासाठी मी आणि माझ्या घरच्यांनी इतकी वर्षे वेचली होती, त्यावर येथे कोणाला वादसुद्धा घालावासा वाटत नव्हता.

त्यात प्रकाशाची भर पडली. कोकणात आणि मुंबईत वाढलेला डोळा सावली तिच्या कडेवरून ओळखतो. उजेड कोठे संपतो हे त्याला निश्चित ठाऊक असते. ऑक्टोबरच्या लंडनमध्ये ढगांतून झिरपणारा प्रकाश चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच पडतो. नाकाची सावली गालावर नेमकी कोठे विरते ते ठरवता येत नाही. माझ्या पॅलेटवरचे यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना तेथील त्वचेला, विटांना, आकाशाला लागू पडेनात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि त्या दिवसापासून पाच वाजायच्या आत सूर्य मावळू लागतो. आपल्याकडे दिवेलागणीची वेळ ऋतूंबरोबर हळूहळू हलते. तेथे ती एका रात्रीत तासभर अलीकडे येते. परदेशातील एकाकीपणाविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक माणसांच्या अभावाविषयी असते. चित्रकाराला ओळखीच्या प्रकाशाचा अभावही तितकाच सोसावा लागतो, आणि तो कोणाला सांगून समजत नाही.

मोठी संग्रहालये विनामूल्य होती आणि आत ऊब होती. त्यामुळे मी तेथे जाऊ लागले. जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराचे ढगांचे अभ्यास मी तेथेच पाहिले. १८२१ आणि १८२२ साली लंडनच्या हॅम्पस्टेड भागात राहून त्याने नुसत्या आकाशाचे अभ्यास तैलरंगात केले आणि त्यांतील अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ज्या आकाशापुढे मी हतबल झाले होते, त्याचा या माणसाने तासातासाने हिशेब ठेवला होता. हे काम त्याला कोणी दिले नव्हते.

परंतु ज्या ठिकाणी मी वारंवार गेले ते ठिकाण वेगळे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘कास्ट कोर्ट्स’ नावाची प्रचंड दालने आहेत. ती १८७३ साली उघडली. युरोपातील विख्यात शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृती तेथे मूळ आकारात उभ्या आहेत; रोममधील ट्रेजनचा स्तंभ इतका उंच आहे, की त्याची प्रतिकृती दोन भागांत ठेवावी लागली. मायकेलँजेलोच्या डेव्हिडची पूर्णाकृती प्रतिकृती टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने १८५७ साली व्हिक्टोरिया राणीला भेट दिली आणि राणीने ती संग्रहालयाकडे सोपवली. त्याच साली मुंबईत आमच्या शाळेचे वर्ग सुरू झाले. डेव्हिडचा डोळा, नाक आणि ओठ मी जे. जे.मध्ये सुट्या कास्टवरून असंख्य वेळा काढले होते. ते अवयव एका चेहऱ्यावर, एका देहावर, पाच मीटरहून अधिक उंचीवर मी येथे प्रथमच पाहिले.

तेथे बसून चित्र काढताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. मुंबईतील जो अभ्यासक्रम मी आपला म्हणून शिकले, तो याच साउथ केन्सिंग्टनच्या परिसरात घडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी कलाशिक्षणाची २३ पायऱ्यांची योजना आखली. रेषा आणि भूमिती, मग अलंकरणाची नक्कल, मग कास्ट, मग जिवंत मॉडेल, असा तिचा सर्वसाधारण क्रम. १८६५ साली आमच्या शाळेत शिकवण्यासाठी मुंबईत आलेले लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघेही याच वर्तुळातले. महाराष्ट्रातील शाळकरी मुले आजही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढतात. त्या परीक्षांचे मूळही येथवर पोहोचते. आणि ज्या देशातून ही पद्धत आली, त्या देशाने ती सोडून दिली होती. १९६० साली विल्यम कोल्डस्ट्रीम यांच्या समितीने कलाशिक्षणाचा आराखडा नव्याने मांडला. त्या काळात आणि पुढच्या दशकांत कास्टवरून रेखांकन मागे पडले. अनेक कलाशाळांनी आपल्या प्लास्टरच्या मूर्ती काढून टाकल्या, काहींनी फोडल्याही. हे कोल्डस्ट्रीम स्वतः मोजमापाचे चित्रकार होते. हात लांब धरून, ब्रशने अंतरे मोजून ते रंगवीत, आणि मापांच्या बारीक खुणा त्यांच्या कॅनव्हासवर राहून गेलेल्या दिसतात. व्यवस्था म्हणून जी शिस्त मागे पडली, ती त्यांनी स्वतःपुरती जन्मभर पाळली.

या माहितीचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो आणि त्या आठवड्यांत मी दोन्ही लावून पाहिले. एक असा, की आम्ही साम्राज्याने टाकून दिलेली वस्तू जपत बसलो आहोत. भारतात हे मत पुष्कळदा ऐकू येते आणि ते निराधार नाही. वसाहतीच्या शाळेचा हेतू कारागीर घडवण्याचा होता, स्वतंत्र कलावंत घडवण्याचा नव्हता. दुसरा अर्थ मला अधिक खरा वाटतो. एखादी विद्या ज्याने निर्माण केली त्याच्याकडेच तिची मालकी राहत नाही; जो ती रोज करतो त्याच्याकडे ती जाते. दीड शतक मुंबईच्या विद्यार्थ्यांनी जी रेघ ओढली, ती ओढून ओढून त्यांची झाली आहे. मात्र या युक्तिवादाला एक अट आहे. ती रेघ कोणी सांगितल्यावाचूनही ओढली जायला हवी. परीक्षेपुरती पाळलेली शिस्त ही अखेर परीक्षकाची शिस्त असते, आणि माझ्या पांढऱ्या भिंतीने मला नेमके हेच विचारले होते.

ब्रिटिश म्युझियममध्ये रेखाटनांचा एक अभ्यासकक्ष आहे. वेळ ठरवून गेल्यास सामान्य विद्यार्थ्यासमोरही जुन्या गुरूंची मूळ रेखाटने आणून ठेवली जातात. तेथे मी रेम्ब्रांटचे एक छोटे चित्र मागवले: झाडाखाली बसलेले चार वृद्ध. हे मोगल लघुचित्रावरून केलेले आहे. सुमारे १६५६ ते १६६१ या काळात रेम्ब्रांटने अशा भारतीय चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले होते आणि त्याने पन्नाशी गाठली होती. युरोपात ज्याचे नाव झाले होते असा चित्रकार, आपण कधी न पाहिलेल्या देशातील चित्र समोर ठेवून, जपानी कागदावर, विद्यार्थ्यासारखा सावध हात चालवीत होता. त्याची एरवीची झपाट्याची रेघ येथे बारीक आणि संयत झाली आहे. ते पान समोर असताना ‘नक्कल’ आणि ‘स्वतंत्र निर्मिती’ यांच्यातील, क्रिटमध्ये इतके ठाम वाटणारे अंतर मला फारसे ठाम वाटेनासे झाले. दुसऱ्याची रेघ आपल्या हाताने पुन्हा ओढणे हा पाहण्याचा एक कठोर मार्ग आहे, आणि तो निवडण्यासाठी फार मोठे स्वातंत्र्य लागते.

याच विचारात अजिंठ्याची आठवण येणे अपरिहार्य होते. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी लेण्यांत जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. पुढे ते नामवंत चित्रकार झाले. इतर बहुतेकांची नावे आपल्या स्मरणात राहिलेली नाहीत. ग्रीक कास्टवर तयार झालेले हे हात अंधाऱ्या लेण्यांत पद्मपाणीच्या भुवईची वळणे गिरवीत होते. त्यांच्या प्रतिकृती साउथ केन्सिंग्टनला पाठवण्यात आल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतील अनेक जळाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात अनेक वर्षे राहून केलेल्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये अशाच भस्मसात झाल्या होत्या. शिवाय ग्रिफिथ्स यांच्या काळात रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश लावले गेले, आणि त्याने त्या चित्रांना इजा झाली. हा इतिहास निर्मळ नाही. तरी वाचलेल्या प्रतिकृतींना आज मोल आहे, कारण मधल्या काळात लेण्यांतील काही भाग नाहीसा झाला आहे. त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्याच साठवणीत होत्या. ज्या इमारतीत मी एकटी बसून डेव्हिडचा गुडघा काढीत होते, तेथे माझ्या शाळेतील मुले माझ्या आधी शंभराहून अधिक वर्षे कामाच्या रूपाने येऊन पोहोचली होती.

त्यानंतर मी भिंतीवर काय लावले, वर्गाने काय म्हटले, हे येथे महत्त्वाचे नाही. मी रोज सकाळी ठरावीक वेळ एखाद्या चित्राची किंवा शिल्पाची नक्कल करू लागले आणि दुपारी माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसणारा राखाडी प्रकाश रंगवू लागले. प्राध्यापकांच्या ‘का’ या प्रश्नाचा राग येईनासा झाला. मुंबईने तो कधी विचारला नव्हता, आणि लंडनने ‘कसे’ हे कधी सांगितले नसते.

२०२३ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपला अभ्यासक्रम आपण लिहिण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे या जुन्या संस्थेला आले आहे. कास्टवरील रेखांकन कालबाह्य म्हणून वगळावे, असे म्हणणारे आहेत. त्याला हात लावू नये, असे म्हणणारेही आहेत. माझे दोन्ही पक्षांकडे एक आग्रहाचे मागणे आहे. कास्ट राहू द्यावीत, आणि त्यांच्या शेजारी अजिंठ्याचा व वेरूळचा प्रत्यक्ष अभ्यास यावा, घाईच्या सहलीपुरता नव्हे, महिन्याभराच्या मुक्कामाचा. मग त्याच वर्षी विद्यार्थ्यांना काही आठवडे असे द्यावेत, की ज्यांत त्यांना कोणतेही काम दिलेले नसेल, सबमिशन नसेल, आणि शिक्षक रोज वर्गात असतील. ते आठवडे मला परक्या देशात, ओळखीचा प्रकाशही सोबतीला नसताना काढावे लागले. आपल्या मुलांना ते आपल्या माणसांत, आपल्या उजेडात मिळू शकतात.