वीणा उतरते, बादली उतरत नाही

माउली, सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत हे आपण सारे जाणतो. सात दिवस, अहोरात्र. पण म्हणून एकाच विणेकऱ्याला कोणी सात दिवस उभे करत नाही. पहारे लावलेले असतात. वेळ झाली की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते आणि पहिला जेवायला, निजायला मोकळा होतो.

आता मांडवामागे चुलीपाशी या. तिथे पहिल्या दिवशी ज्याने बादली उचलली, तोच काल्यापर्यंत बादली वाहतो. पुढच्या वर्षी तो आला नाही की आपण म्हणतो, "हल्ली पोरांत भाव राहिला नाही."

आमच्या सिरोंच्याला हा प्रश्न मोठा होऊन पुढे येतो. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता इथे गोदावरीला भेटते, पलीकडे कालेश्वर. बारा वर्षांनी प्राणहितेचा पुष्कर येतो, तो बारा दिवस चालतो. मागचा 2022 च्या एप्रिलमध्ये झाला. इकडचा एप्रिल म्हणजे काय, ते वैदर्भीयांना सांगायला नको. अशा घाटावर म्हाताऱ्यांना हात धरून पाण्यात उतरवणारा लागतो, चुकलेल्या लेकराच्या आईला तेलुगूतही आणि मराठीतही धीर देणारा लागतो. यात्रेकरू बुडी मारून परततो. सेवेकरी तिथेच उभा.

कोणी म्हणेल, सेवा निष्काम असते, तिची विचारपूस कसली? निष्काम राहणे हे सेवेकऱ्याने स्वतःच्या मनाशी घेतलेले व्रत आहे. ते यजमानाने त्याच्याकडून वसूल करायचे नसते. माझी एकादशी असेल तर मी उपाशी राहीन; दारी आलेल्याला उपाशी ठेवून "त्याला उपवास घडला" असे म्हणता येईल का?

याच गोदेच्या काठी, पैठणला, नाथांच्या घरी श्रीखंड्याने बारा वर्षे पाणी भरले, अशी कथा आहे. तो निघून गेल्यावर देव होता हे उमगले आणि नाथ कळवळले. कीर्तनात आपण देवाच्या लीलेत रमतो. मला मात्र नाथांचे ते कळवळणे मोठे वाटते. देवाला कावड जड झाली नसेल, तरी नाथांच्या जिवाला ती लागली. आपल्याकडे पाणी भरणारा तर माणूस आहे, त्याचा खांदा दुखतो.

म्हणून पाण्याला, पंगतीला, चपलांच्या राखणीलाही पहारे लावावेत. एका जाणत्या माणसाने एवढेच पाहावे, की सेवेकरी जेवला का, रात्री गावी परतायला त्याला गाडी आहे का. काल्यानंतर त्याला बसवून विचारावे, कुठे अडले? त्याने सांगितलेले पुढच्या खेपेला बदलावे. नारळ-शाल दिली तर उत्तमच, पण ती बहुधा देणगीदाराच्याच खांद्यावर जाते.

2027 मध्ये गोदावरीचा पुष्कर येतो आहे. देणगीच्या पावत्या मंडळे जपून ठेवतात. 2022 ला घाटावर उभ्या राहिलेल्या पोरांची नावे कोणाच्या वहीत आहेत का?