झीज आणि सुधारणा

जुन्या वस्तूची सुधारणा करतांना तिच्यांतील काय टाकावें आणि काय राखावें, हा प्रश्न आपल्याकडे सभासंमेलनांत पुष्कळ चघळला गेला आहे. हत्यारांच्या पेटीपुढें बसून तो सोडविण्याची खटपट सहसा कोणी करीत नाहीं. आणि ज्याचें आयुष्य खडू व फळा यांच्या संगतींत गेलें अशा प्राध्यापकानें ती करावी, हें तर कांहींसें हास्यास्पदच. तथापि गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एका लांकडी रंध्यानें मला जो धडा दिला, तो वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

वेल्ह्याहून केळदकडे जातांना वाटेंत पासली हें गांव लागतें. तेथें आमचें वडिलोपार्जित घर आहे व त्याच्या पडवींत मीं सुतारकामाचा छंद मांडला आहे. गांवांतील एक वृद्ध सुतार, ज्यांना सारा गांव तात्या म्हणतो, दृष्टि मंदावल्यामुळें कामांतून निवृत्त झाले, तेव्हां त्यांनीं आपली पेटी माझ्या स्वाधीन केली. तींत करवत, वाकस, तीन पटाश्या, गुण्या, सामता, कानस आणि एक सागवानी रंधा इतका ऐवज होता. "हत्यार गंजून मरण्यापरीस कुणाच्या तरी हातांत ऱ्हायलेलं बरं," एवढेंच ते म्हणाले.

मीं सगळी सुटी त्या पेटीच्या उद्धारांत घालविली. मावळचा पाऊस लोखंडाला सोडीत नाहीं. म्हणून प्रथम गंज काढला, तेल दिलें. रंध्याचें झिजून आंखूड झालेलें पातें काढून नवें पोलादी पातें बसविलें. त्याचा तळ सपाट करून घेतला, सर्वांगावरून कांचकागद फिरविला व वर रोगण दिलें. भिंतीवर एक फळी ठोकून तिजवर प्रत्येक हत्याराची आकृति रंगविली व ज्याचें त्याच्या जागीं टांगलें. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांतून आज जपानी व्यवस्थेचे पांच शब्द भिंतीवर लिहिलेले आढळतात: नको तें काढा, हवें तें जागेवर ठेवा, झाडून-पुसून घ्या, ही रीत कायम करा, आणि शेवटीं शिस्त अंगीं बाणवा. पहिल्या तीन पायऱ्या मीं तीन आठवड्यांत चढलों, याचें मला मोठें कौतुक वाटत होतें. त्या तीन आठवड्यांत साधा पाटहि मीं बनविला नाहीं, हें मात्र ध्यानांत आलें नाहीं.

सुटी संपतां संपतां मीं तात्यांना मुद्दाम बोलावून आणलें. त्यांना नीट दिसत नसल्यामुळें ते रंधा हातानें पाहूं लागले. पातें चांचपलें, पाचर दाबून पाहिली, मान डोलाविली. मग त्यांचा डावा अंगठा रंध्याच्या अंगावर मागें-पुढें फिरत राहिला. कांहीं तरी शोधीत असावेत. शेवटीं रंधा खालीं ठेवून ते म्हणाले, "झ्याक केलंत, दादा. माझा आंगठा मातुर कुठं बसायचा, ते काय घावंना."

तेथें एक खळी होती. पन्नास वर्षें अंगठा टेंकून लांकडाला पडलेली. मीं तिला झीज समजून घांसून टाकलें होतें.

प्लुटार्कनें थीसियसच्या जहाजाची कथा नमूद केली आहे. कुजलेल्या फळ्या काढून अथीनियन लोक नव्या बसवीत गेले. मग तें जहाज तेंच राहिलें काय, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन मिलिंद राजास विचारतो कीं, तुझा रथ म्हणजे काय? चाक, आंस कीं जूं? यांपैकीं कोणताहि एक भाग रथ नव्हे. वर्गांत हे दोन्ही दाखले मीं अनेक वर्षें दिले आहेत. परंतु तात्यांच्या तक्रारीस त्यांत उत्तर नाहीं. पातें बदललें म्हणून ते मुळींच हळहळले नाहींत. धार लावून लावून पातें संपावयाचेंच. त्यांनीं स्वतः तीं बदललीं असतील. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या 'गांवगाडा' या ग्रंथांत वर्णिलेल्या बलुत्यांत सुतार हा मुख्यतः शेतकऱ्याचीं औतें दुरुस्त करून त्याबद्दल धान्य घेणारा. त्या व्यवस्थेंत धंदा जन्मानें ठरे, हें गौरवाचें नव्हे. परंतु मोडलेला भाग काढून नवा घालणें हा ज्याचा पिढीजात उद्योग, त्याला नव्याचा तिटकारा कसा असेल?

शिवाय सुधारणेची निंदा करणें हा माझा हेतु नाहीं. इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपी शहरांत रंधे सांपडले, ते पाहून आजचा सुतारहि त्यांचें काम ओळखील. अशा पुरातन हत्यारांतहि लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिरानें १८६० नंतरच्या दशकांत पातें स्क्रूनें खालींवर करण्याची सोय केली आणि हातोडीनें ठोकून पातें बसविण्याची यातायात वांचविली. माझ्यासारख्या नवशिक्याला तर तें वरदानच आहे.

मग माझें चुकलें कोठें? पातें झिजतें तेव्हां हत्यार उणें होतें. खळी पडते तेव्हां तें हाताला जुळतें. दोन्ही डोळ्यांना सारखींच दिसतात, आणि मीं डोळ्यांनींच निवाडा केला. त्यांतला भेद ज्याला कळत होता तो मनुष्य दोन घरें पलीकडे राहत असतांना मीं त्याला विचारलें नाहीं. माझा खरा अपराध हाच. कांचकागद बिचारा निमित्तमात्र. पेटीच्या रचनेचेंहि तसेंच. वाकस वर, गुण्या कोपऱ्यांत, कानस फडक्यांत गुंडाळलेली, हा मला पसारा वाटला होता. मागाहून कळलें कीं, हत्यारें ज्या क्रमानें हातांत घ्यावीं लागत त्याच क्रमानें तीं रचलेलीं होतीं आणि तात्यांचा हात अंधारांतहि चुकत नसे. दुसऱ्याच्या घरांत, संस्थेंत, चालीरीतींत आपण ज्याला अव्यवस्था म्हणतों, ती कित्येकदां न विचारलेल्या माणसाची व्यवस्था असते. ती बदलूंच नये असें नव्हे. कित्येक चाली बदलल्याच पाहिजेत. पण बदलण्यापूर्वीं विचारावें.

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण वाईट कारागिरासाठीं आहे. अंगण सारवण्यांतच दिवस घालवून नाचाची वेळ टाळणाऱ्यासाठीं मात्र म्हण मला आठवत नाहीं. खंडेनवमीला मीं हत्यारें पुसून पूजेला मांडलीं, तेव्हां रंध्याच्या डाव्या अंगावरून अंगठा फिरवून पाहिला. अंग अद्याप अगदीं सपाट होतें. सुटीनंतर मीं रंधा कितीसा चालविला, याचा जमाखर्च त्या सपाटीवर स्वच्छ लिहिलेला होता.