केस, शील आणि आपली जीभ



वरूडसारख्या गावातील एखादी मुलगी शिक्षणासाठी अमरावतीला जाते आणि सुटीत घरी येते तेव्हा तिचे केस खांद्यापर्यंत कापलेले असतात. रस्त्याने ती ओढणी घेऊनच चालते. त्यामुळे परक्या पुरुषाला ते केस दिसत नाहीत. ते दिसतात घरातील स्त्रियांना, आणि बातमी तेथूनच निघते. आठ दिवसांत मोहल्ल्यात बोलले जाते, "पोरगी हाताबाहेर गेली." पुढे मोर्शीहून आलेले स्थळ काही कारण न सांगता परत जाते. तिच्या नमाजविषयी, अभ्यासाविषयी, आईवडिलांच्या सेवेविषयी कोणी काही विचारलेले नसते. केस कापले, एवढ्यावरच निकाल लागलेला असतो.

दुसरे घर पाहा. पतीच्या निधनानंतर एका भगिनीची इद्दत पूर्ण होते. ती केसांना तेल लावते, नीट वेणी घालते. लगेच कुजबूज सुरू होते, "आता कोणासाठी नटते?" ही दोन उदाहरणे कोण्या एका कुटुंबाची नाहीत. आपण सर्वांनी ती पाहिली आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांत कधी ना कधी आपलाही आवाज मिसळलेला आहे.

स्त्रीच्या केसांवरून तिचे शील ठरविण्याची रीत आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत पती वारला की विधवेचे केशवपन करीत. कोवळ्या वयाच्या मुलीही त्यातून सुटत नसत. तिच्याकडे कोणाची नजर जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे वाईट नजर पुरुषाची आणि वस्तरा मात्र स्त्रीच्या डोक्यावर. आपल्याच वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हा ग्रंथ प्रसिद्ध करून या अन्यायाचा जाब पुरुषांना विचारला. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने हे घडले. ज्या हातांनी ही रूढी चालत होती, त्याच हातांनी ती नाकारली. ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

हा इतिहास वाचून 'आपल्यात असे नव्हते' असे समाधान मानणे सोपे आहे. इस्लामने विधवेचे मुंडन कधीच सांगितले नाही, हे खरेच आहे. दिव्य कुरआनने चार महिने दहा दिवसांची इद्दत ठरविली आणि ती संपल्यावर स्त्रीने रीतीप्रमाणे स्वतःविषयी जो निर्णय घ्यावा, त्याचा दोष इतरांवर नाही, असे स्पष्ट केले (सूरह अल-बकरा, आयत २३४). प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पत्नींपैकी हजरत आयेशा (रजि.) वगळता इतर सर्वजणी पूर्वविवाहित होत्या. पण शरीअतने इद्दतीला शेवट दिला असताना आपल्या जिभा तिला शेवट देत नाहीत. वस्तऱ्याचे काम आपण टोमण्यांकडून करून घेतो.

केसांविषयी आपल्या दीनची वृत्ती कशी आहे, ते पाहा. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी प्रेषितांना विचारले की, माझी वेणी घट्ट असते, गुस्लसाठी ती सोडावी काय? प्रेषितांनी नकार दिला आणि डोक्यावर तीन ओंजळी पाणी घेणे पुरेसे असल्याचे सांगितले. पुढे हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) स्त्रियांना गुस्लच्या वेळी केस सोडण्यास सांगतात, असे हजरत आयेशांच्या कानी आले. त्यांनी आश्चर्य व्यक्त केले आणि मग ते स्त्रियांना मुंडनच करावयास का सांगत नाहीत, असे सुनावले. सहीह मुस्लिममधील ही नोंद आपल्याला सावध करते: अल्लाहने जेथे सवलत दिली, तेथे आपण ओझे वाढवू नये.

त्याच ग्रंथात प्रेषितांच्या पत्नी आपले केस कानांच्या आसपास येतील इतके कमी करीत, असे नमूद आहे. इमाम नववी (रह.) यांनी त्यावरून स्त्रीने केस कमी करणे वैध असल्याचे म्हटले. याचा अर्थ केसांबाबत कोणतीच मर्यादा नाही असा नव्हे. परक्यांपासून केस झाकणे, दुसऱ्याचे केस न जोडणे, पुरुषांची नक्कल न करणे, हे आदेश आहेतच. पण ते पाळण्याचा जाब त्या स्त्रीला आपल्या पालनकर्त्यापुढे द्यायचा आहे. आईने मुलीला प्रेमाने, एकांतात समजवावे. ती नसीहत होय. चारचौघींत चर्चा करणे ही गीबत होय. शंका घेणे, पाळत ठेवणे आणि पाठीमागे निंदा करणे या तिन्ही गोष्टी सूरह अल-हुजुरातच्या बाराव्या आयतीत एकत्र निषिद्ध ठरविल्या आहेत. शंकेपासून पाळत आणि पाळतीतून निंदा, हाच आपल्या मोहल्ल्यातील बातमीचा प्रवास नव्हे काय?

आणि पुरुषांनी हेही आठवावे की, सूरह अन-नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी त्यांना आहे, नंतर स्त्रियांना. अखेरच्या हजच्या वेळी खसअम कबिल्याची एक स्त्री प्रेषितांना प्रश्न विचारीत होती आणि तरुण फज्ल (रजि.) तिच्याकडे पाहू लागले. प्रेषितांनी फज्ल यांचा चेहरा दुसरीकडे वळविला आणि त्या स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर दिले.

जे केस झाकले जावेत असा आपण आग्रह धरतो, तेच आपण बैठकीत चर्चेसाठी उघडे करतो. ओढणीने जे राखले, ते जिभेने घालविले, तर बेपर्दगी कोणाची झाली? जो आपल्या भावंडाचे दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, अशी शुभवार्ता प्रेषितांनी दिली आहे. मग जेथे मुळात दोषच नाही, तेथे तो शोधून काढून चव्हाट्यावर मांडणाऱ्याने कोणती आशा बाळगावी?

म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणेल, "तिचे केस पाहिलेत का?" तेव्हा विषय तेथेच थांबवा. त्या नाभिकांनी वस्तरा खाली ठेवला होता; आपल्याला फक्त जीभ आवरायची आहे. अल्लाह आपल्याला एकमेकांची अब्रू राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.