निनावी चित्राचा मोकळेपणा

चित्राला नाव देणं म्हणजे प्रेक्षकावर अर्थ लादणं, हे विधान हल्ली चित्रप्रदर्शनांत आणि कलाचर्चांत वरचेवर ऐकू येतं. ‘अनटायटल्ड’ लिहावं आणि बघणाऱ्याला मोकळं सोडावं! ऐकायला हे इतकं उदार वाटतं की ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच भासत नाही.

नाव म्हणजे चित्राचा खुलासा, असं मानणाऱ्यांशी वाद नको. खुलाशावाचून अडणारं चित्र मुळातच कच्चं असतं. नावामुळे चित्र खपतं हा दुकानदारीचा मुद्दा. मोकळेपणाच्या दाव्याकडे मात्र नीट पाहायला हवं, कारण तो नैतिकतेचा आव आणतो.

चित्र निनावी राहतच नाही. चित्रकार गप्प बसला की दुसरं कोणीतरी बोलतं. रेम्ब्राँच्या १६४२च्या समूहचित्राला जग ‘द नाइट वॉच’ म्हणतं. हे नाव त्याचं नव्हे. पुढे व्हार्निश काळवंडल्यावर ते चिकटलं. चित्रातला प्रसंग दिवसाचा आहे. गेली दोनेकशे वर्षं प्रेक्षक त्यात रात्र पाहतो आहे, ती कोणी लादली?

यावर म्हणतील, चित्रकाराने नाव दिलं तरी लोक आपलंच चालवतात. खरं आहे. व्हिसलरने १८७१मध्ये आईचं चित्र काढलं आणि त्याला ‘अरेंजमेंट इन ग्रे अँड ब्लॅक’ म्हटलं. लोकांनी त्याचं ‘व्हिसलर्स मदर’ केलं. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं जलरंगचित्र ‘ग्लो ऑफ होप’. लोकांच्या तोंडी ती ‘लेडी विथ द लॅम्प’, आणि कित्येकांच्या समजुतीत तर ते रविवर्म्याचं. पण ही दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. लोकांनी चिकटवलेलं नाव चित्रात कोण आहे ते सांगतं: आई, दिवेवाली. चित्रकाराने दिलेलं नाव नजरेला रोख देतं. हळदणकरांच्या नावाने पाहिलं की डोळा बाईवरून हटतो आणि ज्योत झाकणाऱ्या बोटांतून झिरपणाऱ्या उजेडावर जातो. चित्राचं सगळं कसब तिथेच तर आहे.

ओळख सांगणारं नाव आणि रोख देणारं नाव, हा फरक ‘अनटायटल्ड’वाल्यांच्या गावीही नसतो. भूपेन खक्कर यांच्या १९८१च्या चित्रात बाल्कनीत एक नग्न पुरुष उभा आहे आणि समोर बाप, मुलगा नि गाढव यांची गोष्ट घडते आहे. नाव आहे ‘यू कान्ट प्लीज ऑल’. ते काहीच उलगडत नाही. पण त्या पुरुषाला त्या गोष्टीशी बांधतं, आणि समलिंगी माणसाने लोकांच्या मर्जीची किती पर्वा करायची हा प्रश्न प्रेक्षकासमोर उभा राहतो. नाव काढून घेतलं तर प्रेक्षक मोकळा होणार नाही, नुसता गोंधळेल.

गायतोंड्यांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. त्यांची कितीतरी चित्रं निनावी आहेत, आणि तशीच असायला हवीत. आपली चित्रकला ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ मानत. ज्यात वस्तूच नाही त्याला रोख कशाचा देणार? त्यांचं मौन अनेक वर्षांच्या एकाग्र कामातून आलं होतं. ते त्यांच्यापुरतं खरं होतं, त्याची प्रथा करता येत नाही. आज ज्या कॅनव्हासवर माणसं, घरं, रस्ते स्पष्ट दिसतात, त्याखालीही ‘अनटायटल्ड’ लिहिलेलं असतं. याला मी मोकळीक म्हणणार नाही. आपण काय पाहिलं ते सांगायचं टाळणं आहे हे.

तरुण चित्रकारांनी चित्र बाहेर पाठवण्याआधी कॅनव्हासच्या मागे स्वतःच्या हाताने नाव लिहावं. ते काम कॅटलॉग करणाऱ्यावर सोडू नये.